ओ देईपर्यंत

बारकीच्या प्रबंधाचा विषय होता हाका. बहिऱ्या माणसांच्या घरात एकमेकांना हाक कशी मारतात, हे तिला शोधायचं होतं. विषय मंजुरीला ठेवला तेव्हा समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बहिऱ्यांच्या घरातल्या हाका? वा! पुढच्या वर्षी कुणीतरी टकलांच्या कंगव्यावर प्रबंध आणेल." खोलीत हशा पिकला. बारकीही कसंनुसं हसली. हसल्या नाहीत त्या फक्त तिच्या मार्गदर्शक बाई. त्यांनी कागदावर सही ठोकली आणि तो सरांपुढे सरकवला.

उंची जेमतेम, अंगानं काडी, म्हणून सगळा विभाग तिला बारकी म्हणायचा. हातात घेतलेलं काम मात्र ती सोडायची नाही. दोन वर्षं खुणांची भाषा शिकून ती एका पुस्तकबांधणीवाल्या जोडप्याच्या घरी जाऊन पोहोचली. नवरा-बायको दोघंही जन्मापासून बहिरे. ती त्यांना काका-काकू म्हणायची. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या एका रांगेत तीन खोल्या होत्या. पुढची कामाची, मधली निजायची, मागे स्वयंपाकघर. खाली सगळीकडे लाकडी फळ्या. काका अठ्ठेचाळीस वर्षांचे, उंच, हाडकुळे, बोटांना कायम खळ चिकटलेली. काकू गोऱ्या, ठेंगण्या, आणि नजर अशी की समोरच्यानं मनात काही आणायच्या आत त्यांना कळावं.

विद्यापीठाचे प्रबंध बांधायला काकांकडंच यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी हातांनी सांगितलं, "बहिऱ्यांवरचे चार प्रबंध मी बांधलेत. चारही जाडजूड. लिहिणाऱ्यांपैकी इथं वर कुणीच आलं नव्हतं."

"मग मी पाचवी," बारकी अडखळत्या खुणांनी म्हणाली. दोघंही पोट धरधरून हसायला लागले. तिनं 'पाचवी'च्या ऐवजी 'कोबी' म्हटलं होतं. काकूंनी तिचा हात धरून बोटं नीट करून दिली आणि तेव्हापासून तिचं त्या घरातलं नाव कोबी पडलं.

ठरलं असं: मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला यायचं, तीन खोल्यांत तीन कॅमेरे आणि मधल्या खोलीत एक माइक लावायचा आणि निघून जायचं. आपण समोर बसलो की माणसं आपल्यासाठी वागतात, हे तिला ठाऊक होतं. दोनला परत येऊन सगळं गुंडाळायचं, मग विभागात बसून पाहत मोजायचं. काकू दिवा दोनदा लावून-विझवून हाक मारत. कधी फळीवर पाय आपटत. तो आपटलेला पाय फळ्याफळ्यांतून जाऊन काकांच्या स्टुलाला पोहोचायचा आणि ते मान वर करायचे. फार चिडल्या तर कागदाचा बोळा फेकत, आणि नेम चुकत नसे. चित्र पाहायला आवाजाची गरज नव्हती, म्हणून बारकी पहिला महिनाभर सगळं मूकच पाहत राहिली. मग पाय किती जोरानं आपटला हे नोंदायचं ठरलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा हेडफोन लावला.

नववं रेकॉर्डिंग होतं. दुपारचं एक वाजून सतरा मिनिटं. काका स्वयंपाकघराकडे पाठ करून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होते. काकू ओट्यापाशी भांड्यातून पाणी ओतत होत्या. आणि बारकीच्या कानात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"ढब्बूऽऽ"

शेवट लांबवलेला. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत पोहोचावा असा.

"ढब्बू, चल रे. अन्न गार होतंय."

शेजारपाजारची कुणी असेल म्हणून बारकी पुढं गेली. दहा सेकंदांनी काकूंनी दिव्याची उघडझाप केली, काका उठले. नेहमीसारखंच. पण तिच्या मनाला काहीतरी लागून राहिलं. ती पुन्हा मागं गेली. काकूंच्या भांड्यांचा आवाज लांबून येत होता, कारण माइक मधल्या खोलीत होता. ती हाक मात्र जवळून आली होती. माइकच्या शेजारी उभं राहून मारल्यासारखी.

तिनं आधीची आठही रेकॉर्डिंग काढली. आठही दिवशी, सव्वा ते एक वाजून एकवीसच्या दरम्यान, तोच आवाज, तेच शब्द. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, तीन विद्यार्थी शेजारी बसून डबे खात असताना तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्या दिवशी तिनं इमारत पाहून घेतली. खाली कागदाचं गोदाम. वर गच्ची. शेजारच्या खोल्यांना दोन वर्षं कुलूप.

तिनं हेडफोन मार्गदर्शक बाईंच्या हातात दिला. बाई निवृत्तीला टेकल्या होत्या. चव्वेचाळीस वर्षं त्या या विभागात होत्या, आधी विद्यार्थिनी म्हणून, मग शिक्षिका. त्यांनी ते एकदा ऐकलं. मग स्वतःच मागं नेऊन पुन्हा ऐकलं.

"घरात तिसरं माणूस आहे. तू दोनच लिहिलीयस."

"दोनच आहेत, बाई."

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मग बाहेरचा आवाज म्हणून नोंद कर आणि पुढं चल."

"पण बाई, हा आवाज—"

"अगं, बाहेरचा म्हटलं ना?" त्या तिच्यावर कधी खेकसत नसत. त्या दिवशी खेकसल्या.

बारकीनं तक्त्यात तसा एक रकाना आखला. पण पुढच्या मंगळवारी कॅमेरे लावून ती गेली नाही. "आज मी बसते," ती काकांना म्हणाली आणि मधल्या खोलीत स्टूल टाकून बसली.

एक वाजला. काका शिवत होते. सुई आत जायची, दोरा सरसरत यायचा. काकू ओट्यापाशी. सव्वा वाजला. बारकीनं वहीत उगीच रेघोट्या ओढल्या.

"ढब्बूऽऽ"

तिच्या उजव्या खांद्याच्या मागं, हातभरावर. तिची मान आपसूक वळली. मागं काहीच नव्हतं. भिंत, खुंटीवर टांगलेली पिशवी, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. "चल रे. अन्न गार होतंय," आवाज म्हणाला. त्या आवाजात भीतीदायक असं काही नव्हतं, हेच तिला फार भीतीदायक वाटलं. रोज वाढून ठेवणाऱ्या बाईचा थोडा वैतागलेला, थोडा लाडाचा आवाज. काका शिवत राहिले.

तिनं मान पुढं केली तेव्हा काकू दारात उभ्या होत्या आणि तिच्याकडेच पाहत होत्या.

"काय पाहिलंस मागं?"

"काही नाही. भांडं पडलं वाटतं."

"भांडं पडलेलं नाही. मी आतच होते." काकूंचे हात सावकाश चालत होते, लहान मुलाशी बोलावं तसे. "ऐकणारी माणसं आवाजाकडे मान वळवतात. मी आयुष्यभर त्यांच्या माना बघून दारावर कोण आलंय ते ओळखत आलेय. मागं आवाज झाला. कसला?"

खोटं बोलायला तोंड सोपं असतं. हातांनी, आणि त्या नजरेसमोर, बारकीला ते जमेना. तिनं सांगून टाकलं. कुणीतरी हाक मारतं. बाई आहे. म्हातारी. रोज याच वेळी. जेवायला बोलावते.

काकूंनी पाय आपटला. काका आले. बारकीनं पुन्हा सगळं सांगितलं. काकांनी बोटांवरची खळ सदऱ्याला पुसली.

"आई," ते म्हणाले. "चौदा महिने झाले जाऊन."

"तुमची आई ऐकणारी होती?"

"ऐकणारी. बोलणारी. आमच्या खुणांपैकी एकही न शिकलेली."

"मला हाक मारते का?" काकूंनी मध्येच विचारलं.

बारकीनं नकारार्थी मान हलवली.

"तशीच आहे," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं एका घरात काढली. मी हात उचलला की तोंड फिरवायची."

"काय म्हणून हाक मारते?" काकांनी विचारलं.

बारकीनं वहीत लिहून दाखवलं. काकांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग स्वतःच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि बायकोकडे प्रश्नार्थक पाहिलं. ढब्बू? मी? काकूंना हसू आवरेना. काकांना मात्र हे नाव माहीतच नव्हतं. शाळेत शिकवलेलं नाव वेगळं, तेच कागदावरचं, मित्रांनी दिलेलं खुणेचं नाव कपाळावरच्या वणाचं.

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. आई गेल्यापासून ती उघडलेली नव्हती. दोन साड्या, एक घड्याळ, आणि साड्यांच्या तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक पुस्तिका. मुखपृष्ठावर विद्यापीठाचं चिन्ह, त्याखाली बारकीच्याच विभागाचं नाव. 'बहिऱ्या मुलांच्या मातांसाठी सूचना. आमच्या संशोधनावर आधारित.' पानं टाइप करून छापलेली.

एकच लाडके नाव ठरवा आणि नेहमी तेच वापरा, असं पहिल्या पानावर होतं. पुढं रिकामी जागा, आणि त्यात शाईनं, ठळक, शाळकरी अक्षरात: ढब्बू.

मुलाच्या पाठीमागून हाक मारा. समोरून मारल्यास ते ओठ पाहून तुम्हांस फसवील. दिवसातून किमान शंभर वेळा. त्याच्या हातवाऱ्यांकडे पाहू नका, घरात इतर कोणी केल्यास त्यांच्याकडेही पाहू नका. आज ना उद्या ते ऐकेल. शेवटचं पान गळून गेलं होतं.

काकांनी ते दोनदा वाचलं. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि पलंगावर मटकन बसल्या. बावीस वर्षं फिरवलेल्या त्या तोंडाचा अर्थ त्यांना असा, छापील, कळला.

"कधी कधी मी मध्येच मागं वळायचो," काका म्हणाले, "तेव्हा ती उभी असायची. ओठ मिटायचे, मग गोल व्हायचे. मला वाटायचं, लांबून पापा देतेय." त्यांनी ते करून दाखवलं. ब्बू. "मीही देऊन टाकायचो. आणि तिचा चेहरा पडायचा. का पडतो, ते कधी कळलं नाही."

शुक्रवारी बारकी पोहोचली तेव्हा नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं. हातांचं भांडण, त्यामुळे घर शांत होतं. काकांनी ठरवलं होतं की ओ द्यायची. स्वतःच्या तोंडानं. शाळेनं दहा वर्षं गळ्यावर हात ठेवून त्यांच्याकडून एक आवाज घडवून घेतला होता. सोळाव्या वर्षी दुकानात काहीतरी मागताना सगळं दुकान वळून बघायला लागलं, त्या दिवशी त्यांनी तो मिटून टाकला तो कायमचा.

"ओ दिलीस तर ती जाणार कशी?" काकू म्हणत होत्या.

"जिवंत होती तोवर एकदाही दिली नाही."

"तुला ऐकूच येत नव्हतं!"

"आता कोबी आहे ना. ती हात वर करेल."

बारकीनं करायला नको होतं. हे संशोधन नव्हे, आणि आपण असलं काही करायला नेमलेलो नाही, हे तिला कळत होतं. पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून नाही म्हणायला तिची जीभ रेटेना आणि हातही. काका स्वयंपाकघराकडे पाठ करून, नेहमीसारखे, स्टुलावर बसले. बारकी त्यांच्यासमोर. एक सतरा.

"ढब्बूऽऽ"

तिनं हात वर केला.

काकांनी श्वास घेतला. गळ्याच्या शिरा ताठल्या. "ओऽऽ" आवाज जाडा, ओबडधोबड, वर जाता जाता मध्येच फुटलेला. फळ्यांवर ठेवलेली पातळ सुई थरथरली.

घरात एकदम सामसूम झाली. रस्त्यावरची वाहनंसुद्धा बारकीला ऐकू येईनात. मग, तिच्या अगदी कानाशी, कुणीतरी हुंदका दिल्यासारखं हसलं.

"अगं बाई! ऐकलं. ऐकलं त्यानं!"

आणि लगेच, "ढब्बू? ढब्बू! ए ढब्बू!"

ते थांबलंच नाही. मंगळवारी बारकी जिना चढायला लागली तेव्हा दुसऱ्या वळणावरच तिला ते ऐकू आलं. ढब्बू, ढब्बू, ढब्बूऽ. मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, दाराच्या आतून. आनंदानं वेडावलेला आवाज, दम घ्यायलासुद्धा न थांबणारा. तिनं दार लोटलं. आत दोघं शांतपणे बसले होते, काका पुठ्ठ्याला खळ लावताहेत, काकू फर्मे जुळवताहेत, खिडकीतून ऊन आलंय. आणि ते सगळं घर हाकांनी भरून वाहत होतं. बारकीनं कानांवर हात घेतले. त्या दोघांना तेवढ्यावरून कळलं.

"अजून मारते?" काकांनी विचारलं. तिचा चेहरा पाहून त्यांनी ओ दिली. हाका वाढल्या. पुन्हा ओ दिली. पुन्हा वाढल्या.

दोन आठवड्यांत काकांची रया गेली. कुठल्याही भिंतीकडे पाठ करून त्यांना बसवेना. दर मिनिटाला मागं वळायचे, ओ म्हणायचे, गळा सुजला. प्रबंध कोपऱ्यात साठत गेले. रात्रभर झोपत नाही, असं काकू म्हणाल्या, आणि मग बारकीकडे रोखून पाहत, "आमच्या घरात आवाज तू आणलास."

 बारकी तशीच विभागात गेली, बाईंच्या टेबलावर पुस्तिका ठेवली आणि रडत रडत सगळं सांगितलं.

बाईंनी पुस्तिका उघडली नाही. मुखपृष्ठावर नुसता तळहात ठेवला.

"शेवटचं पान गेलंय ना? त्यावर एकच सूचना होती," त्या म्हणाल्या. "'मूल ओ देईल त्या दिवसापासून हाकांची संख्या दुप्पट करा.' मला पाठ आहे. मीच टाइप केलं होतं. एकवीस वर्षांची होते. तेव्हाचे सर सांगायचे, मी टाइप करायचे. मग घरोघर जाऊन वाटायचे."  "त्या हेडफोनमध्ये ऐकलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. ओळखलंच होतं बहुतेक. साठेक घरं केली मी, पण त्या एका बाईनं दारापर्यंत येऊन विचारलं होतं, कधीपर्यंत मारू हाका? सरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. आपल्याला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. म्हटलं, ओ देईपर्यंत."

मग त्या उठल्या. पिशवी घेतली. "चल."

जिन्यात त्या दर पायरीला थांबत होत्या, गुडघ्यांमुळे आणि त्या आवाजामुळेही. वर पोहोचल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. बारकीनं हातांनी ओळख करून दिली: माझ्या बाई, पुस्तिका यांनी टाइप केली. काकूंच्या जबड्याची हाडं वर आली, पण त्यांनी वाट दिली.

बाई मधल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. ढब्बू, ढब्बू, ढब्बू.

"आई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी आलेय. पुस्तिकावाली."

हाका थांबल्या. बारकीचे कान त्या शांततेनं दुखायला लागले.

"त्यानं ओ दिली, ताई," आवाज म्हणाला. दम लागलेला, अभिमानानं भरलेला. "तुम्ही म्हणाला होतात तशी. आता काय करू?"

 चव्वेचाळीस वर्षं ज्यांनी शेकडो विद्यार्थ्यांना पुढं काय करायचं ते सांगितलं, त्या पिशवीचा बंद पिळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता थांबा. आमचं चुकलं होतं, आई. त्याला ऐकू येत नाही. येणारच नव्हतं. तुम्ही काही कमी केलं नाहीत. आम्हीच चुकीचं सांगितलं."

बारकी हे सगळं काका-काकूंसाठी हातांनी सांगत होती.  काका दाराला टेकून उभे.

 मग अगदी बारीक आवाजात, "मग जेवायला वाढलंय, हे त्याला कळायचं कसं?"

बाईंनी बारकीकडे पाहिलं.  बारकीनं तो प्रश्न काकूंपुढं मांडला.

काकूंनी हात पदराला पुसले आणि पुढं आल्या. "कुठं उभी आहे?"

बारकीनं दाखवलं.

"तोंड कुठं आहे? किती उंचीवर?"

बारकीनं अदमासानं हात धरला. काकू त्या रिकाम्या जागेसमोर, बरोबर तेवढं अंतर सोडून, उभ्या राहिल्या आणि बारकीला म्हणाल्या, "मी हातांनी सांगते. तू तोंडानं सांग. एकही शब्द गाळू नकोस."

"सासूबाई," बारकी काकूंचे हात पाहत म्हणाली, "तोंड फिरवू नका. बाई म्हणाल्या ते ऐकलंत ना? आता बघायला मुभा आहे. हे त्याचं नाव." काकूंनी कपाळावरच्या वणाची खूण केली. एकदा, दोनदा, पाच वेळा, पहिलीच्या मुलांना शिकवावं तशी. "आणि हाक अशी." त्यांनी टाच उचलून फळीवर आपटली. दाराशी काकांनी मान वर केली. "बघितलंत? वळला. चव्वेचाळीस वर्षं तुम्ही घसा फोडलात. हे पायाचं काम होतं." पुन्हा आपटली. "घाई नाही. मी रोज दाखवेन."

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. हाकाही पुन्हा आल्या नाहीत. काकू मात्र रोज दुपारी कामातून उठून त्या जागी उभ्या राहायच्या आणि शिकवायच्या. बारकीच्या रेकॉर्डिंगमध्ये ते सगळं आहे: एक ठेंगणी बाई, रिकामी जागा, सावकाश चालणारे हात. कधी रागावलेले. कधी एखादी जुनी तक्रार काढून बसलेले. एकदा तर बराच वेळ नुसते पुढं धरलेले.

काका पुन्हा कामाला लागले. बाईंनी विभागाच्या कपाटातून त्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती काढल्या आणि तिच्यावर एक लेख लिहिला. घरोघर कोण गेलं आणि दारात काय विचारलं गेलं, तेही त्यात नावानिशी लिहिलं. कंगव्यावाल्या सरांनी विचारलं, हे आता उकरून काय मिळणार? बाईंनी त्यांना लेखाची एक प्रत दिली. बारकीनं काकांना विचारलं, ती हाकेची रेकॉर्डिंग ठेवायची का? काका म्हणाले, पूस. तिनं त्यांच्यासमोर पुसली. 'बाहेरचा आवाज' हा रकानाही खोडला.

शेवटच्या दिवशी ती कॅमेरे काढायला गेली. तिघं पुढच्या खोलीत होती. काका वायर गुंडाळून देत होते, काकू तिच्या पिशवीत कागदाचे बोळे भरत होत्या, आठवण म्हणून. एक वाजून गेला होता.

पायाखालची फळी थडथडली.

एकच टाच. अडखळत, नको तितक्या जोरानं आपटलेली. बारकीची मान वळली, पण तिच्या आधी त्या दोघांची वळली. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं.  काका मात्र उठले, हातावरची खळ पुसली आणि तोंडानं नव्हे, कपाळाशी बोट नेऊन म्हणाले, आलो.

"आत कुणी वाढलंय का पण?" बारकीनं कशीबशी खूण केली.

"कुठलं!" काकू उठत म्हणाल्या. "हाक तेवढी मारते. वाढायला मीच."

दोघं आत गेले. बारकी हातात वायर धरून तिथंच उभी राहिली. आतून पाट सरकल्याचा, ताटं मांडल्याचा आवाज येत होता, आणि तिच्या तळपायांखाली ती फळी अजून किंचित हलत होती.